कडू पाण्याच्या गावात

(सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमातील भाषण)



आम्ही भातकुली तालुक्यातल्या काही ख्रिस्ती बाया. रविवारी दुपारी कुणा एकीच्या घरी प्रार्थनेला जमतो. कधी सहा असतो, कधी अकरा. कापूस वेचणीच्या दिवसांत तिघीच. आमच्यातल्या बऱ्याच जणी मजुरीला जातात, दोघींच्या घरचं वावर आहे, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, एक शिलाई करते. आज माइकसमोर एकीचाच आवाज आहे. पण जे सांगायचं ते आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

विषय दिला आहे, संकटात विश्वासाचा आधार. विषय ऐकायला गोड आहे. पण आम्ही तो फार कडू चवीनं शिकलो, आणि शिकताना मोठी चूकही केली. ती चूक आधी सांगणार आहोत. कुणाला आमच्या धर्मात बोलवायला आम्ही आलो नाही. दुःख कुणाच्याही उंबऱ्यावर जात विचारून येत नाही. म्हणून आमच्या घरातलं सांगतो, त्यातलं तुम्हाला उपयोगी पडेल ते घ्या.

आपला भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेकडो गावांसारखं आपल्याही विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ओलित करावं तर जमीन चोपण होते. म्हणजे आभाळ देईल तेवढंच पीक. नळाला पाणी येण्याआधीच्या दिवसांत गोड पाण्याच्या एका हंड्यासाठी बायांनी किती चालावं, हे आमच्या सासवांना विचारा. हे पाणी लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा येऊ.

२०१७ चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. वरून पऱ्हाटी हिरवीगार, बोंड फोडलं की आत अळी. आमच्यातल्या एका बहिणीचं चार एकर वावर होतं. बँकेचं पीककर्ज होतं, कृषी केंद्राची उधारी होती, आणि हातउसने होते ते वेगळेच. दिवाळीनंतर एका सकाळी तिचे मालक वावरात गेले ते परत आले नाहीत. त्यांनी स्वतःचा जीव दिला. घरी म्हातारे सासरे, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा.

तिचं नाव आम्ही सांगत नाही. पण गोष्ट सांगा, असं तिनंच म्हटलं. आज ती इथं आमच्या शेजारीच बसली आहे.

आता आमची चूक. ती एक नव्हती, दोन होत्या.

पहिली अशी की, ज्यानं स्वतःचा जीव घेतला त्याला इतरांबरोबर दफनभूमीत जागा द्यायची का, अशी कुजबुज झाली. कुणी म्हणालं, हे पाप आहे. कुणी म्हणालं, प्रार्थना कमी पडली. आम्ही ते बोललो नाही, पण ऐकून गप्प राहिलो. गप्प राहणंही बोलल्यासारखंच असतं. पाळकसाहेब मात्र आले, कुणाला काही न विचारता त्यांनी अंत्यविधी केला, आणि इतरांसाठी करतात तीच प्रार्थना त्यांच्यासाठी केली. एक शब्द कमी नाही. त्या दिवशी आमच्या माना खाली गेल्या.

दुसरी चूक आठ दिवसांनी. आम्ही सात जणी तिच्या घरी गेलो. पवित्र शास्त्र उघडलं, चांगली चांगली वचनं वाचली. एकीनं सांगितलं, देवाची इच्छा होती. दुसरीनं सांगितलं, देव सोसवेल तेवढंच देतो. तिसरी म्हणाली, रडू नको, लेकरांकडे पाहा. ती भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमी जा आता घरी. मले वचन नका वाचून दाखवू. देवाची इच्छा असंन त मले एवढं सांगा, माह्या पोरीची फी कोन भरते? आन् हे वावरात एकटे होते तवा तुमचा देव कुठी होता?"

आम्ही उठून आलो. रस्त्यानं कुणी कुणाशी बोललं नाही. एक जण रागावली होती, देवाला असं बोलतात का म्हणून. बाकीच्या आम्ही लाजलो होतो. उत्तर आमच्याजवळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही नाही.

मग आमच्यातली सर्वांत वयस्कर काकू म्हणाली, "आपन शास्त्र वाचून दाखोलं, पन आपन सोता वाचलं का?" पुढच्या रविवारी आम्ही ईयोबाचं पुस्तक काढलं. ईयोबाची लेकरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र भेटायला आले. ते त्याच्याजवळ जमिनीवर सात दिवस आणि सात रात्री बसले, आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तोपर्यंत सगळं बरोबर होतं. नंतर त्यांनी तोंड उघडलं, कारणं सांगायला लागले, तुझंच काही चुकलं असेल म्हणाले, आणि तिथं सगळं बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आम्ही तर सात मिनिटंसुद्धा गप्प बसलो नव्हतो.

त्यानंतर आम्ही तिच्याकडे पुस्तक न घेता गेलो. पाळी लावली. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरी. कुणी भाकरी आणि अंबाडीची भाजी न्यायची, कुणी पाणी भरून द्यायचं, कुणी म्हाताऱ्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं. कपाशीत जे काही उरलं होतं ते आम्ही चार जणींनी दोन दिवसांत वेचून दिलं. ती बोलली तर ऐकायचं, रडली तर रडू द्यायचं, शिव्या दिल्या तर त्याही ऐकायच्या. देवाचं नाव आपण होऊन काढायचं नाही, असं ठरलं होतं.

कागदपत्रांचं कामही होतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना सरकारकडून एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार वारसाच्या नावे ठेव म्हणून. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, कर्जाचा दाखला, सगळं जोडावं लागतं. तिचा सातबारा सासऱ्यांच्या नावावर होता, त्यामुळे फेरे वाढले. दर फेऱ्याला आमच्यातली एक मजुरी बुडवून तिच्यासोबत गेली. विधवेनं एकटीनं बाकावर बसून राहणं आणि शेजारी कुणी असणं यात फार फरक असतो, हे आम्ही तिथं पाहिलं. काही महिन्यांनी मदत मंजूर झाली. पुढे संजय गांधी निराधार योजनेचाही अर्ज भरला. मुलीच्या फीचं तिनं विचारलं होतं ना, ती त्या वर्षी आमच्या बचत गटातून भरली. तिच्या दोन सवालांपैकी एकाचं उत्तर असं पैशापैशानं दिलं. दुसरा सवाल तसाच राहिला.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिनं स्वतःच शास्त्र मागितलं. आमच्यातल्या एकीनं तिला स्तोत्रसंहिता उघडून दिली आणि सांगितलं, अठ्ठ्याऐंशीवं वाच. दीडशे स्तोत्रं आहेत त्यात. लोकांना मेंढपाळाचं तेवढं ठाऊक असतं. पण कितीतरी स्तोत्रं नुसती रडण्याची आहेत, तक्रारीची आहेत, देवा तू झोपलास का म्हणणारी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर असं आहे की, बाकीच्यांसारखं शेवटी उजाडतही नाही, अंधारातच संपतं. तिनं ते अक्षर लावत लावत वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "हे त माह्यंच हाय. हे लिवाची परवानगी कोनं देल्ली?"

बहिणींनो, आमच्या मते विश्वासाचा आधार तिथून सुरू झाला. तिची तक्रार देवाच्या पुस्तकात आधीपासून लिहिलेली होती. म्हणजे ती तक्रार करताना देवाच्या घराबाहेर गेली नव्हती, आतच होती. आम्ही मात्र तिला बाहेर काढायला निघालो होतो. ख्रिस्तानंही वधस्तंभावर, देवानं आपल्याला का टाकलं, असा सवाल मोठ्यानं केला होता. लाजराच्या कबरेजवळ तो रडला होता, आणि थोड्या वेळानं लाजराला उठवणार आहे हे ठाऊक असून रडला होता. मग आम्ही कोण तिला रडू नको म्हणणाऱ्या?

आता त्या कडू पाण्याकडे येऊ. निर्गमाच्या पुस्तकात आहे की, मिसरातून सुटलेले लोक तीन दिवस रानात पाण्यावाचून चालले. शेवटी पाणी सापडलं तर ते कडू. त्या जागेचं नाव पडलं मारा, म्हणजे कडू. लोक कुरकुरले. देवानं मोशेला एक झाड दाखवलं, त्यानं ते पाण्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. आणि पुढचा मुक्काम एलीम, तिथं बारा झरे आणि खजुराची सत्तर झाडं. लहानपणी आम्हाला वाटायचं, असं एखादं झाड आपल्या विहिरीत टाकायला मिळालं तर!

हेच नाव शास्त्रात आणखी एका ठिकाणी येतं, आणि ती गोष्ट थेट आपल्या बायांची आहे. नामी नावाची बाई बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नवरा आणि दोन मुलांसोबत परमुलखात गेली. तिथं नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. उरल्या सुना. त्यातली रूथ सासूला सोडायला तयार झाली नाही. दोघी विधवा परत गावी आल्या, तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या, ही आपली नामीच ना? नामी म्हणजे गोड. ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. भरल्या हातानं गेले होते, देवानं रिकामी आणली.

त्या बायांनी तिला उत्तर दिल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. त्यांनी तिला वचनं ऐकवली नाहीत, तिचं नावही दुरुस्त केलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग रूथ शेतात सरवा वेचायला गेली. सरवा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या देशात नियम होता की, शेताचे कोपरे पूर्ण कापायचे नाहीत आणि पडलेल्या ओंब्या उचलायच्या नाहीत. त्या गरिबाच्या, परदेशी माणसाच्या, विधवेच्या. शेताच्या मालकानं, बवाजानं, तर गड्यांना सांगितलं की, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गाळत जा. आणि गोष्टीच्या शेवटी रूथच्या बाळाला नामीच्या मांडीवर पाहून आनंद करणाऱ्या, त्या बाळाचं नाव ठेवणाऱ्या, त्याच शेजारणी. कडू दिवशी त्या होत्या आणि गोड दिवशीही त्याच होत्या. मधल्या काळात मुद्दाम गाळलेल्या ओंब्यांवर दोघी जगल्या. आम्ही ठरवलं की, आपण त्या शेजारणी व्हायचं.

कुणी म्हणेल, या जुन्या आणि दूरच्या गोष्टी. तर आपल्याच भाषेतल्या दोघी बाया पाहा.

पंडिता रमाबाई. दुष्काळात तीर्थयात्रा करता करता त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या आत उपासमारीनं गेली. त्या आणि भाऊ पायी देशभर फिरले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवराही गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर लहान मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावर आपल्याकडे फार टीका झाली, वाद झाले. पण त्या विश्वासाचं त्यांनी काय केलं ते पाहा. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या सुमारे तीनशे मुली-बायांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यातून. जिनं आपली माय भुकेनं जाताना पाहिली होती, तिनं दुसऱ्यांच्या लेकींना जेवू घातलं. साध्या बायांना समजावं म्हणून पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं आणि मरेपर्यंत तेच काम केलं. १९२१ साली मनोरमा गेली. कर्ती लेक पुरून त्या माउलीनं उरलेलं काम हाती घेतलं, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. विश्वासानं त्यांचं दुःख टाळलं नाही. दुःखानं त्यांचे हात मात्र थांबले नाहीत.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांना नव्या कराराचं पुस्तक पहिल्यांदा मिळालं ते आपल्या विदर्भाकडच्याच प्रवासात, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण घर मोडलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळं सोडवत नव्हतं. मग स्वतःच विचार केला की, पशुपक्ष्यांत देवानं जाती केल्या त्या पाहताक्षणी ओळखू येतात, माणसांत तसं काही दिसत नाही. म्हणजे हा भेद माणसाचा. कुणाच्या जबरदस्तीनं नव्हे, असा विचार करत करत १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या पुस्तकात एवढ्या हालअपेष्टा आहेत, तरी वाचताना पानोपानी हसू येतं. टिळक १९१९ साली गेले, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुरं केलं. आमच्या मंडळींत 'उपासना संगीत' उघडून टाळ-तबल्यावर आम्ही टिळकांची भजनं म्हणतो, तेव्हा त्यामागं ही सोसणारी आणि हसणारी बाई उभी आहे असं आम्हाला वाटतं.

आणि आमच्या घरातलंही एक सांगू. १९०० च्या दुष्काळात मिशनच्या लोकांनी अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथालय चालवलं. आमच्यातल्या एकीची पणजी त्या खामगावच्या अनाथालयात वाढली. तिला आईबापाचं नावही सांगता येत नव्हतं. ती म्हणायची म्हणे, "मले देव पहिल्यांदा जवारीच्या कन्यांत भेटला." आम्हाला हे वाक्य कुठल्याही उपदेशापेक्षा मोठं वाटतं. वलगावला पेढीच्या काठावर ज्यांचं शेवटचं पाऊल थांबलं त्या गाडगेबाबांनी तरी वेगळं काय सांगितलं? भुकेल्याला अन्न द्या, हेच ना? या मातीत ही शिकवण कुण्या एका धर्माची नाही.

आता थोडक्यात, आम्ही काय शिकलो ते.

दुःखातल्या बाईला कारण सांगू नका. देवाची इच्छा, कर्माचं फळ, नशीब, यातलं काहीच नको. तुम्हाला ठाऊक नाही, मग सांगायचं कशाला? जाताना डबा न्या आणि बसा.

पहिल्या पंधरा दिवसांत सगळेच जातात. खरी गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असते, घर रिकामं होतं तेव्हा. तारीख लिहून ठेवा आणि तेव्हा जा. वर्ष फिरून तोच दिवस येतो त्या दिवशी तर नक्की जा.

प्रार्थना येत नसेल तर दुसरीला आपल्यासाठी करू द्या. आमची बहीण सात-आठ महिने प्रार्थना करत नव्हती. तोवर आम्ही तिच्या वाट्याची केली. उधारी म्हणून नाही. अंगात ताप असला की शेजारीण आपल्या वाट्याचं पाणी भरते, तसं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. घरात कुणी फार गप्प राहायला लागलं, जेवण-झोप सुटली, माझ्यानंतर असं करा म्हणायला लागलं, तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, आणि दवाखान्यात घेऊन जा. टेलिमानस नावाची सरकारची मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. प्रार्थना करा आणि फोनही करा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. आम्हाला हे तेव्हा ठाऊक असतं तर, असं अजून मनात येतं.

ती बहीण आज कशी आहे, असं तुम्ही विचाराल. वावर ठोक्यानं दिलं आहे, अर्धं कर्ज फिटलं आहे, अर्धं बाकी आहे. मुलगी नर्सिंगचं शिकून कामाला लागली. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. दिवाळीनंतरचे ते दिवस आले की ती अजून दोन दिवस बोलत नाही, आणि आम्हीही बोलत नाही, नुसत्या जाऊन बसतो. देव त्या सकाळी कुठं होता, या सवालाचं उत्तर तिला मिळालेलं नाही. आम्ही आज निघताना तिला विचारलं, रेडिओवर तुझ्याकडून काय सांगू? तर म्हणाली, "सांगा का पानी खारंच हाय. पन भरू लागाले बाया हायेत."

आमचा विश्वास तो एवढाच. ज्या देवाला आम्ही मानतो तो त्या बायांच्या हातांतून हंडा उचलतो, असं आम्हाला वाटतं.

तुमच्या गल्लीत आज कुणाचं दार दिवसा लोटलेलं दिसलं तर कडी वाजवा. आमचं बोलणं इथं संपवतो. साऱ्यांना शांती लाभो.